पुणे महानगर परिसरातील हौशी धावणे

पुणे महानगर परिसरातील हौशी धावणे म्हणजे पुणे, पिंपरी-चिंचवड ही शहरे आणि त्यांच्या उत्तरेस चाकणमार्गे राजगुरुनगरपर्यंत पसरलेला औद्योगिक पट्टा येथे व्यायाम, आनंद किंवा वैयक्तिक उद्दिष्टासाठी केले जाणारे धावणे होय. यात रोजचे सकाळचे धावणे, गटाने केलेला सराव, टेकड्यांवरील धावणे आणि सर्वांसाठी खुल्या असलेल्या रस्त्यावरील शर्यतींतील सहभाग यांचा समावेश होतो. पदक, मानधन किंवा संघनिवड हे ज्याचे मुख्य प्रयोजन आहे असे व्यावसायिक धावणे यात मोडत नाही. या परिसराला लांब पल्ल्याच्या धावण्याची जुनी पार्श्वभूमी आहे. भारताच्या पहिल्या ऑलिंपिक मॅरेथॉन धावपटूंची कहाणी पुण्यातील डेक्कन जिमखान्याशी निगडित आहे, तर १९८३ मध्ये सुरू झालेली पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन ही देशातील जुन्या मॅरेथॉन शर्यतींपैकी एक आहे.

धावण्यासाठी साधने फारशी लागत नाहीत, म्हणून तो सर्वांत स्वस्त व्यायाम मानला जातो. मात्र त्यासाठी मोकळी व सुरक्षित जागा, श्वास घेण्याजोगी हवा आणि दिवसातील एखादा रिकामा तास आवश्यक असतो. वाढत्या औद्योगिक शहरात या तीनही गोष्टी सर्वांना सारख्या प्रमाणात मिळत नाहीत. त्यामुळे कोण, कोठे व कधी धावतो हा प्रश्न नगररचना, वाहतूक आणि कामाच्या पाळ्या यांच्याशी जोडला गेला आहे.

## संज्ञा

मराठीत 'जॉगिंग' हा शब्द संथ गतीने धावण्यासाठी रूढ आहे, तर वेग, अंतर किंवा शर्यत डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या सरावास नुसते 'धावणे' किंवा 'रनिंग' म्हटले जाते. दोहोंमध्ये काटेकोर सीमारेषा नाही. 'मॅरेथॉन' या शब्दाचा शास्त्रीय अर्थ ४२.१९५ किलोमीटरची शर्यत असा आहे. मराठी वृत्तपत्रांत व बोलण्यात मात्र रस्त्यावरील कोणत्याही सामूहिक शर्यतीला, मग ती तीन किंवा पाच किलोमीटरची का असेना, मॅरेथॉन म्हणण्याची पद्धत आहे. २१.०९७५ किलोमीटरच्या शर्यतीस अर्धमॅरेथॉन आणि ४२.१९५ किलोमीटरहून लांब शर्यतीस अल्ट्रामॅरेथॉन म्हणतात. डोंगरवाटा, जंगल किंवा कच्च्या पायवाटांवरील धावण्यासाठी 'ट्रेल रनिंग' ही संज्ञा वापरली जाते.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरले गेले व १९२१ मध्ये ते अधिकृतपणे निश्चित झाले. त्याआधी हे अंतर शर्यतीगणिक बदलत असे.

## इतिहास

### सुरुवातीचा काळ

महाराष्ट्रात धावणे हा स्वतंत्र छंद होण्यापूर्वी तो इतर व्यायामांचा भाग होता. तालमीतील पैलवानांच्या मेहनतीत दंड-बैठकांबरोबर धावण्यालाही स्थान होते. सैन्य व पोलीस दलांच्या प्रशिक्षणातही धावणे अनिवार्य होते. परंतु नोकरी किंवा कुस्तीशी संबंध नसलेल्या प्रौढ व्यक्तीने केवळ स्वतःसाठी रस्त्यावर धावणे ही अलीकडची गोष्ट आहे.

१९०६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानी स्पर्धांमध्ये ग्रामीण भागातील शेतकरी कुटुंबांतील तरुण अनवाणी धावत असत. त्यांना पद्धतशीर प्रशिक्षण मिळालेले नसूनही त्यांच्या वेळा तत्कालीन युरोपीय धावपटूंच्या वेळांच्या जवळपास जात होत्या. ही बाब जिमखान्याचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांच्या लक्षात आली. मुंबई प्रांताचे तत्कालीन गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पाठिंब्याने त्यांनी १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकसाठी भारतीय संघ पाठवण्याचा पुढाकार घेतला. या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले यांनी मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद अशी वेळ नोंदवून १९ वा क्रमांक मिळवला. अँटवर्पमधील शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे आजच्या प्रमाणित अंतराहून अर्ध्या किलोमीटरपेक्षा अधिक होते. संघातील दुसरे मॅरेथॉन धावपटू सदाशिव दातार यांना ही शर्यत पूर्ण करता आली नाही.

### जॉगिंगची लाट

प्रौढांनी आरोग्यासाठी संथ धावावे ही कल्पना १९६० च्या दशकात न्यूझीलंडमधील प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांच्या प्रयोगांतून पुढे आली. अमेरिकी प्रशिक्षक बिल बोवरमन यांनी ती आपल्या देशात नेली. डॉ. केनेथ कूपर यांच्या १९६८ मधील 'एरोबिक्स' या पुस्तकाने तिला वैद्यकीय आधार दिला. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टर यांनी मॅरेथॉन जिंकल्यानंतर अमेरिकेत, आणि पुढील दशकात युरोपात, सामान्य नागरिक हजारोंच्या संख्येने शर्यतींत उतरू लागले. न्यूयॉर्क मॅरेथॉन १९७० मध्ये, तर लंडन मॅरेथॉन १९८१ मध्ये सुरू झाली.

### पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन

याच काळात, १९८३ मध्ये, सुरेश कलमाडी यांच्या पुढाकाराने पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन सुरू झाली. ही शर्यत परंपरेने डिसेंबरच्या सुरुवातीस होत आली आहे. परदेशी, विशेषतः केनिया व इथिओपिया येथील, धावपटूंचा सहभाग हे तिचे वैशिष्ट्य ठरले. पुणेकरांच्या एका पिढीसाठी मॅरेथॉन म्हणजे रस्त्याच्या कडेला उभे राहून आफ्रिकी धावपटूंना टाळ्या देण्याचा प्रसंग होता. स्वतः धावणाऱ्या सामान्य नागरिकांचे प्रमाण नंतर, टप्प्याटप्प्याने वाढले.

### २००४ नंतर

१५ फेब्रुवारी २००४ रोजी झालेल्या पहिल्या मुंबई मॅरेथॉनने राज्यातील हौशी धावण्याचे स्वरूप पालटले. पूर्ण व अर्धमॅरेथॉनबरोबरच सुमारे सहा किलोमीटरची, वेळेची स्पर्धा नसलेली 'ड्रीम रन' आणि सामाजिक संस्थांसाठी निधिसंकलन यांमुळे कार्यालयीन कर्मचारी, ज्येष्ठ नागरिक व दिव्यांग व्यक्ती मोठ्या संख्येने सहभागी होऊ लागल्या. पुणे परिसरातील अनेक जण आपली पहिली मोठी शर्यत मुंबईत धावले.

त्यानंतरच्या दशकात राज्याच्या इतर भागांतही शर्यती सुरू झाल्या. २०१२ पासून होणारी सातारा हिल अर्धमॅरेथॉन यवतेश्वर घाटातील चढामुळे प्रसिद्ध आहे आणि पुण्याहून तेथे जाणाऱ्या धावपटूंची संख्या मोठी असते. २०१२ मध्येच मिलिंद सोमण यांच्या पुढाकाराने केवळ महिलांसाठी असलेली 'पिंकाथॉन' मुंबईत सुरू झाली. पुण्याचे आशिष कासोदेकर यांनी २०२१–२२ च्या हिवाळ्यात पुण्यात सलग ६० दिवस रोज एक पूर्ण मॅरेथॉन धावून विश्वविक्रम केला.

कोरोना महामारीत सामूहिक शर्यती थांबल्या. मुंबई मॅरेथॉन जानेवारी २०२३ मध्ये पूर्ववत सुरू झाली. मधल्या काळात मोबाइल अ‍ॅपवर अंतर नोंदवून आपापल्या ठिकाणी धावण्याच्या 'व्हर्च्युअल' शर्यती रूढ झाल्या.

## धावण्याच्या जागा

### पुणे

पुणे शहरातील धावण्याचा आधार म्हणजे येथील टेकड्या. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पर्वती आणि पाचगाव-पर्वती वनक्षेत्रातील तळजाई येथे पहाटेपासून चालणारे व धावणारे दिसतात. मातीच्या वाटा पायांना डांबरी रस्त्यापेक्षा मऊ लागतात, तेथे वाहने नसतात आणि चढ-उतारांमुळे स्नायूंना वैविध्यपूर्ण व्यायाम मिळतो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा परिसर, मुठा कालव्यालगतच्या वाटा आणि बालेवाडी येथील श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलाचा परिसरही वापरात आहे. घाटातील सरावासाठी अनेक जण सिंहगडाची वाट निवडतात. पायथ्यापासून गडमाथ्यापर्यंत सुमारे ६०० मीटरचा चढ आहे.

या टेकड्यांच्या भवितव्याबद्दल शहरात सतत वाद होत आला आहे. वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याच्या प्रस्तावाविरोधात २०२३ मध्ये नागरिकांनी मोर्चा काढला. विरोधकांच्या मते रस्त्यामुळे टेकडीचे तुकडे पडून भूजल, वनस्पती व मोकळी जागा यांची हानी होईल. समर्थकांच्या मते विधी महाविद्यालय रस्त्यावरील वाहतूक कोंडी कमी करण्यासाठी पर्यायी मार्ग आवश्यक आहे. मोर्चात पर्यावरण कार्यकर्त्यांबरोबर टेकडीवर रोज फिरायला येणारे नागरिकही होते.

### पिंपरी-चिंचवड

पिंपरी-चिंचवड महानगरपालिका ११ ऑक्टोबर १९८२ रोजी अस्तित्वात आली. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा पिंपरीतील कारखाना आणि त्यानंतर आलेली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत यांभोवती हे शहर वाढले. प्राधिकरणाने आखलेल्या निगडी परिसरातील पेठांत रस्ते रुंद व झाडांच्या सावलीचे असल्याने तेथे धावणे तुलनेने सोयीचे आहे. निगडीची दुर्गा टेकडी व भक्ती-शक्ती चौकाचा परिसर येथे पहाटे गर्दी असते. भोसरीतील इंद्रायणीनगर येथे महानगरपालिकेचे संत ज्ञानेश्वर क्रीडासंकुल असून तेथे कृत्रिम पृष्ठभागाची धावपट्टी आहे. देहूरोडजवळील घोरवडेश्वर डोंगर ट्रेल सरावासाठी वापरला जातो.

### चाकण व राजगुरुनगर

भोसरीपासून उत्तरेस मोशी, चाकण व राजगुरुनगर ही ठिकाणे पुणे–नाशिक राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६० (पूर्वीचा क्रमांक ५०) वर आहेत. चाकण परिसरात वाहन उद्योगातील मोठे कारखाने व त्यांना सुटे भाग पुरवणारे असंख्य लघुउद्योग आहेत. तळेगाव–चाकण–शिक्रापूर हा मालवाहतुकीचा मार्ग येथेच महामार्गाला छेदतो. परिणामी या भागातील मुख्य रस्त्यांवर दिवसरात्र अवजड वाहने धावतात. सलग पदपथ बहुतेक ठिकाणी नाहीत आणि रस्त्याच्या कडेच्या पट्टीत कंटेनर व ट्रक उभे असतात. त्यामुळे चाकणमध्ये धावणारे लोक महामार्ग टाळून गावांकडे जाणारे आतील रस्ते किंवा गृहसंकुलाच्या आवारातील फेऱ्या पसंत करतात.

राजगुरुनगर (मूळ नाव खेड) हे पुण्यापासून सुमारे ४० किलोमीटरवर भीमा नदीच्या काठी वसलेले खेड तालुक्याचे मुख्यालय आहे. क्रांतिकारक शिवराम हरी राजगुरू यांचे हे जन्मगाव होय. येथे औद्योगिक पट्टा संपून शेतीचा प्रदेश सुरू होतो. पश्चिमेस चास, वाडा व पुढे भीमाशंकरकडे जाणारा रस्ता महामार्गाच्या तुलनेत शांत आहे आणि उत्तरेस खेड घाटाचा चढ आहे. शहरातील धावपटूला ज्या प्रकारच्या रस्त्यासाठी सुटीच्या दिवशी गाडीने बाहेर पडावे लागते, तो येथे गावाच्या वेशीवर मिळतो. मात्र पथदिवे, मोजलेली धावपट्टी, प्रशिक्षक किंवा दुखापतीवर उपचार करणारे क्रीडावैद्यक या सुविधा मुख्यतः पुणे व पिंपरी-चिंचवड येथेच केंद्रित आहेत.

## धावणारे समूह

### भरतीची तयारी करणारे

खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ अशा तालुक्यांत पहाटे रस्त्यावर धावणाऱ्यांमध्ये पोलीस व सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या तरुण-तरुणींचे प्रमाण लक्षणीय असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुषांसाठी १६०० मीटर व महिलांसाठी ८०० मीटर धावणे असते, शिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेकही असते. सैन्याच्या भरती मेळाव्यातही १.६ किलोमीटरची दौड ही पहिली मोठी चाळणी असते.

हे धावणे काटेकोर अर्थाने हौशी नाही, कारण त्यामागे नोकरीचे उद्दिष्ट आहे. तरीही रस्ता, वेळ व धोके तेच असल्याने दोन्ही प्रकार एकमेकांत मिसळतात. हौशी धावपटू अंतर हळूहळू वाढवत नेतो, तर भरतीच्या उमेदवाराला थोड्या अंतरात अधिकाधिक वेग हवा असतो. पुरेशा पूर्वतयारीशिवाय रोज कठीण डांबरी रस्त्यावर पूर्ण वेगाने धावल्यास नडगीच्या हाडाच्या दुखापतींचा धोका वाढतो. भरती झाल्यावर किंवा वयोमर्यादा उलटल्यावर यांपैकी अनेकांचे धावणे थांबते. काही जण मात्र पुढे हौशी शर्यतींत दिसतात.

### कारखान्यांतील कर्मचारी

चाकण व भोसरीतील अनेक कारखाने तीन पाळ्यांत चालतात. पहिल्या पाळीच्या कामगाराला पहाटेच बस पकडावी लागते, तर तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी घरी परततो. पाळी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला बदलत असेल तर सरावाची ठरावीक वेळ राखता येत नाही. प्रचलित सराव-वेळापत्रके दिवसपाळीची नोकरी व रविवारची सुटी गृहीत धरतात. औद्योगिक पट्ट्यातील आठवड्याची सुटी मात्र वीज व उत्पादनाच्या नियोजनानुसार अन्य दिवशीही असू शकते, त्यामुळे रविवारच्या लांब सरावाला व शर्यतींना या कामगारांना मुकावे लागते. रात्रपाळीनंतर अपुऱ्या झोपेत कठोर सराव केल्यास शरीराची भरपाई अपुरी राहते. अशा वेळी हलके धावणे किंवा विश्रांती इष्ट मानली जाते.

याउलट अभियंते, व्यवस्थापक व माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कर्मचारी यांना वेळेची लवचीकता, बूट-घड्याळावर खर्च करण्याची क्षमता आणि गटाचा आधार तुलनेने सहज मिळतो. शहरातील धावण्याच्या गटांत या वर्गाचा भरणा दिसतो.

### महिला

१९६७ मध्ये कॅथरिन स्विट्झर यांनी बॉस्टन मॅरेथॉन धावताना आयोजकाने त्यांना शर्यतीबाहेर ओढण्याचा प्रयत्न केला होता. ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन १९८४ मध्ये प्रथम झाली. आज शर्यतींत महिलांना औपचारिक अडथळा नाही, परंतु रोजच्या सरावात अंधार, निर्मनुष्य रस्ते, शेरेबाजी, भटकी कुत्री व घरातील सकाळची कामे हे अडसर कायम आहेत. त्यामुळे अनेक महिला एकट्याने धावण्याऐवजी गटात, किंवा रस्त्याऐवजी उद्यान व संकुलाच्या आवारात धावतात.

महाराष्ट्रातील ग्रामीण महिलांच्या धावण्याचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे लता भगवान करे. पतीच्या वैद्यकीय तपासणीसाठी पैसे हवे असल्याने त्यांनी वयाच्या साठीनंतर बारामतीतील शर्यतीत नऊवारी साडीत, अनवाणी धावून विजेतेपद मिळवले. त्यांच्यावरील 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट २०२० मध्ये प्रदर्शित झाला. स्पर्धात्मक धावण्यात नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत आणि सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर यांनी ऑलिंपिकपर्यंत मजल मारली. दोघीही ग्रामीण भागातून आल्या आहेत.

## शर्यतींची रचना व मोजमाप

रस्त्यावरील शर्यतीसाठी आयोजकांना पोलीस, वाहतूक शाखा व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्या परवानग्या घ्याव्या लागतात. मार्गावर ठरावीक अंतरावर पाणी, वैद्यकीय मदत व स्वयंसेवक असतात. ठरलेल्या वेळेत अंतर पूर्ण न करणाऱ्यांना 'कट-ऑफ' नियमानुसार थांबवले जाते, कारण त्यानंतर रस्ता वाहतुकीस खुला करायचा असतो. इच्छित वेळेत शर्यत पूर्ण व्हावी म्हणून विशिष्ट वेगाने धावणारे 'पेसर' झेंडा घेऊन सोबत असतात.

धावपटूच्या छातीवरील क्रमांकपट्टीवर (बिब) किंवा बुटावर रेडिओ लहरींनी ओळखली जाणारी चिप असते. आरंभरेषा ओलांडल्यापासून अंतिम रेषेपर्यंतची वेळ तिच्यामुळे स्वतंत्रपणे नोंदली जाते. हजारोंच्या गर्दीत मागे उभ्या असलेल्या व्यक्तीला आरंभरेषेपर्यंत पोहोचण्यास काही मिनिटे लागतात. म्हणून इशाऱ्यापासूनची वेळ आणि प्रत्यक्ष वेळ यांत फरक पडतो.

मान्यताप्राप्त शर्यतींचे अंतर विशेष मापक बसवलेल्या सायकलने मोजले जाते. मोजणी रस्त्यावरील शक्य त्या सर्वांत जवळच्या मार्गाने होते आणि अंतर कमी भरू नये म्हणून दर किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरला जातो. त्यामुळे पूर्ण मॅरेथॉनचा मार्ग सुमारे ४२ मीटर लांब आखला जातो. धावपटूंच्या घड्याळात अंतर याहूनही जास्त दिसते. वळणांवर बाहेरच्या बाजूने धावणे आणि उपग्रह-आधारित नोंदीतील त्रुटी ही त्याची कारणे होत.

## आरोग्यविषयक बाबी

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमदार शारीरिक हालचाल करावी. आठवड्यातून तीन दिवस अर्धा तास धावल्यास जोमदार हालचालीची किमान मर्यादा गाठली जाते. म्हणजे आरोग्यासाठी मॅरेथॉन धावण्याची आवश्यकता नाही.

नवोदितांना चालणे व संथ धावणे आलटून-पालटून करण्याचा सल्ला दिला जातो. धावताना सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता आले तर वेग योग्य, असा साधा निकष वापरला जातो. आठवड्याचे अंतर १० टक्क्यांहून अधिक वाढवू नये हा नियम लोकप्रिय आहे. मात्र नेदरलँड्समधील ग्रोनिंगन येथील, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत नवोदितांना अधिक संथ वाढीचा कार्यक्रम देऊनही दुखापतींचे प्रमाण घटलेले आढळले नाही. त्यामुळे हा नियम सिद्ध सूत्र नसून सावधगिरीचा संकेत मानावा. गुडघ्याभोवतीचे दुखणे, नडगीचे दुखणे व टाचेखालच्या पडद्याचा दाह या नेहमी आढळणाऱ्या तक्रारी आहेत.

शर्यतीत धावपटू कोसळल्याच्या बातम्यांमुळे हृदयविकाराची भीती व्यक्त होते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातील सुमारे १ कोटी ९ लाख सहभागींच्या अभ्यासात हृदयक्रिया बंद पडण्याच्या ५९ घटना आढळल्या, म्हणजे प्रमाण सुमारे एक लाखात ०.५४ होते. ते पूर्ण मॅरेथॉनमध्ये अर्धमॅरेथॉनपेक्षा अधिक होते. धोका अल्प असला तरी छातीत दुखणे, चक्कर येणे, कुटुंबात अकाली हृदयविकाराचा इतिहास किंवा मधुमेह व उच्च रक्तदाब असल्यास सुरुवातीपूर्वी वैद्यकीय तपासणी आवश्यक ठरते.

पाणी कमी पिण्याइतकेच ते अति पिणेही घातक असू शकते. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातील सोडियमची पातळी कमी आढळली. अतिरिक्त द्रवप्राशन हे त्याचे प्रमुख कारण होते. तहानेनुसार पिणे हा सध्याचा सर्वसाधारण सल्ला आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाऊन व्यक्ती गोंधळते किंवा बेशुद्ध होते. अशा वेळी थंड पाण्याने तिचे शरीर तातडीने थंड करणे हा पहिला उपचार आहे.

## हवामान व हवेची गुणवत्ता

पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील पहाटेचे तापमान कोकणपट्टीच्या तुलनेत कमी असते. डिसेंबरमध्ये सरासरी किमान तापमान ११ ते १२ अंश सेल्सियसच्या आसपास उतरते, जे लांब पल्ल्याच्या धावण्यास अनुकूल आहे. एप्रिलमध्ये कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास जाते, त्यामुळे उन्हाळ्यात सराव सूर्योदयापूर्वीच उरकला जातो. पावसाळ्यात निसरड्या वाटा व पाण्याखाली झाकलेले खड्डे यांचा धोका असतो.

हिवाळ्यातील पहाटेत एक विरोधाभास आहे. रात्री जमीन थंड झाल्याने तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड राहते, हवेचे उभे मिश्रण मंदावते आणि वाहने, बांधकामे व जाळलेल्या कचऱ्याचे सूक्ष्म कण खालच्या थरात साचतात. म्हणजे धावण्यास सर्वांत सुखद वाटणाऱ्या वेळी हवा अधिक दूषित असू शकते. विश्रांतीत माणूस मिनिटाला सुमारे ६ ते ८ लिटर हवा आत घेतो, तर जोरात धावताना हे प्रमाण दहापटीपर्यंत वाढू शकते. भारतीय मानकानुसार २.५ मायक्रॉनपर्यंतच्या सूक्ष्म कणांची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ मधील शिफारस १५ मायक्रोग्रॅमची आहे. पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेल्या 'सफर' प्रणालीद्वारे शहरातील हवेची माहिती मिळते. वर्दळीच्या रस्त्यापासून दूर गेल्यास प्रदूषकांचा संपर्क कमी होतो, म्हणून टेकड्या व उद्यानांचे महत्त्व केवळ सौंदर्यापुरते नाही.

## रस्ते, सुरक्षितता व नियोजन

पदपथ नसलेल्या रस्त्यावर समोरून येणारे वाहन दिसावे म्हणून उजव्या कडेने धावण्याचा, अंधारात प्रकाश परावर्तित करणारे कपडे वापरण्याचा आणि कानात श्रवणयंत्रे लावून संगीत न ऐकण्याचा सल्ला दिला जातो. तथापि या सूचना जबाबदारीचा भार धावणाऱ्यावरच टाकतात, अशी टीकाही केली जाते. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीचा अडथळारहित चालण्याचा पट्टा असावा. वाहनतळ, फेरीवाले, विजेच्या पेट्या व वारंवार बदलणारी उंची यांमुळे अनेक पदपथांवर सलग चालणेही कठीण होते.

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण स्वीकारले. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेने निगडी-प्राधिकरण भागात 'हरित सेतू' या नावाने पादचारी व सायकलस्वारांसाठी सलग मार्गांचे काम हाती घेतले. चाकण–राजगुरुनगर पट्ट्यात मात्र नियोजनाचा भर वाहतूक कोंडी सोडवण्यावर आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये नाशिक फाटा ते खेड या सुमारे ३० किलोमीटरच्या आठपदरी उन्नत मार्गास मंजुरी दिली असून त्याचा अपेक्षित खर्च ७,८२७ कोटी रुपये आहे. अवजड वाहने वरच्या मार्गावर गेल्यास खालचा रस्ता मोकळा होऊ शकतो. त्या मोकळ्या जागेत पदपथ येतात की वाहनांच्या आणखी मार्गिका, यावर या पट्ट्यातील चालणाऱ्या व धावणाऱ्यांची सुरक्षितता बऱ्याच अंशी अवलंबून राहील.

## हे सुद्धा पहा

* पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन
* मुंबई मॅरेथॉन
* डेक्कन जिमखाना
* फडेप्पा चौगुले
* वेताळ टेकडी
* राजगुरुनगर
* चाकण